रेवतीच्या जीपचा मागचा बंपर

नागपूरला लोक संत्री आणायला जातात, नाहीतर वाघ बघायच्या वाटेवर एक मुक्काम करतात. मी ऐन मे महिन्यात तिथे लोखंड घडवून घ्यायला गेले होते. परत आल्यावर सांगलीत ज्याला त्याला हे सांगितलं, आणि प्रत्येकानं आधी माझ्या तोंडाकडे बघून मग उन्हाला दोष दिला. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते.

माझी मुलगी रेवती डॉक्टर आहे. गडचिरोलीच्या आतल्या भागात एका लहान दवाखान्यात काम करते आणि चारही चाकांना जोर असलेली एक जुनी जीप घेऊन गावोगाव हिंडते. सांगलीतल्या एका चांगल्या रुग्णालयात तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. तिथल्या मोठ्या डॉक्टरांना गळ घालून ती मीच धरायला लावली होती, हेही सांगते. पाऊस सुरू व्हायच्या आत तिनं होकार द्यावा, एवढंच त्यांचं म्हणणं. रेवती मात्र हो म्हणेना की नाही म्हणेना. शेवटी एक दिवस तिचा फोन आला. "आई, गाडीला मागचा बंपर करून घ्यायला नागपूरला जातेय. तूही ये. काम होईपर्यंत एकत्र राहू आणि मग त्या नोकरीचं बोलू."

मी त्याच संध्याकाळी बॅग काढली. बंपरशी मला काही देणंघेणं नव्हतं. मी लेकीला परत आणायला निघाले होते.

बेसा

रेवतीची एक मैत्रीण बेसा भागात राहते. ती सुट्टीला गावी गेली होती, तिची सदनिका आम्हाला मिळाली. बाल्कनीतून एका बाजूला नव्या इमारतींची रांग दिसायची आणि दुसऱ्या बाजूला चक्क नांगरून ठेवलेलं शेत. ऊन म्हणजे काय हे मला सांगलीत साठ वर्षं राहून कळलं नव्हतं. सकाळी दहानंतर रस्त्यावर चिटपाखरू नसे. जे असे त्याच्या तोंडाला दुपट्टा घट्ट गुंडाळलेला. घरोघरी खिडकीत कूलर, त्याला वाळ्याच्या ओल्या ताट्या, आणि त्यांचा वास असा सुंदर की कूलरच्या घरघरीकडे माणूस दुर्लक्ष करतो. पहिल्या दिवशी मी आपली सांगलीच्या सवयीनं अकरा वाजता भाजी आणायला निघाले. शेजारच्या बाईंनी जिन्यातच अडवलं आणि कांदा हातात ठेवून परत पाठवलं.

रात्रीच्या जेवणाला रेवतीनं सावजी रस्सा मागवला. "आई, जपून," असं ती म्हणाली. मी तिला कोल्हापूर-सांगलीचं तिखट काय असतं यावर एक व्याख्यान दिलं आणि मोठा घास घेतला. त्यानंतर बराच वेळ मला काही बोलता आलं नाही. रेवतीनं निमूटपणे दह्याची वाटी पुढे सरकवली. नोकरीचा विषय त्या रात्री काढायचा ठरवला होता, तो तिथेच राहिला.

मिलिंदचं वर्कशॉप

बेसाच्या पुढे, वस्ती विरळ होते तिथे, एका कडुनिंबाखाली पत्र्याची शेड आहे. तिथे मिलिंद फाटकं, ट्रॉलीचे हुक आणि गाड्यांचे बंपर बनवतो. चाळिशीचा, बारीक, कमी बोलणारा माणूस. शेडच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या खाली वेल्डिंगची काळी काच. त्यानं जीपभोवती एक फेरी मारली, मागे वाकून चेसिसला, गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, हात लावून पाहिला आणि विचारलं, "डॉक्टरबाई, पह्यले एक सांगा. बंपर दाखवाले पायजे का ओढाले?"

"ओढायला. आणि कोणी मला ओढायला."

"मंग ऐका. आपली एक पद्धत आहे. बंपर झाला का आधी दुसऱ्याची फसलेली गाडी काढाची. ते निघाली तर तुमची गाडी घरी जाते. नाही निघाली तर मी कापतो अन् पुन्हा बनवतो."

मला ही पद्धत मजेशीर वाटली. आमच्याकडे नव्या गाडीला हार घालून आधी देवळात नेतात. इथे तिला आधी कुणाच्या तरी चिखलात नेतात.

मिलिंद कागदावर काही काढत नाही. त्यानं शेडच्या फरशीवर खडूनं जीपचा मागचा भाग खऱ्या मापात काढला. मधे एक जाड आडवी पट्टी, ती चेसिसला पकडणारे दोन हात आणि दोन टोकांना दोर अडकवायला दोन कड्या. मग रेवतीला त्या चित्राच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाला, "पाहा, इथंच पायजे ना?" तिनं एक कडी थोडी वर घ्यायला सांगितली. त्यानं चपलेनं पुसली आणि पुन्हा काढली. झालं, एवढ्यात करार पक्का.

मी मात्र ते चित्र बघून अस्वस्थ झाले. मी सगळी नोकरी विमा कंपनीत केली, तीही वाहनांच्या दाव्यांमध्ये. मागून ट्रकनं ठोकलेल्या गाड्यांचे फोटो मी इतके पाहिलेत की आजही सिग्नलला उभी राहिले तरी माझं लक्ष आरशात असतं. आणि ही एवढीशी पट्टी! माझ्या मुलीच्या पाठीशी एवढंच?

त्या दुपारी रेवती दवाखान्यासाठी काही वस्तू आणायला सीताबर्डीला गेली. उन्हाचं निमित्त करून मी शेडमध्येच थांबले. कडुनिंबाखाली बाजेवर मिलिंदची आई, इंदूबाई, वाळत घातलेल्या कुरडयांची राखण करत बसली होती. आमची गट्टी जमायला वेळ लागला नाही. तिच्या सासऱ्यांनी छप्पन साली इथेच दीक्षाभूमीवर धम्म घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून घरातल्या पोरांना शाळेची वाट दाखवली, हे तिनं कालपरवाचं सांगावं तसं सांगितलं. तिची थोरली मुलगी शिकून पुण्यात नोकरीला होती. "नाव काढलं पोरीनं," ती म्हणाली. "पण मले काही झोप लागत नाही. फोन नाही आला का जीव वर-खाली होते."

दोन आया, दोघींच्या लेकी लांब. आम्ही एकमेकींना चिंता पुरवत बसलो. आणि त्या भरात मी उठून मिलिंदकडे गेले.

"मिलिंद, पत्रा दुप्पट जाड टाक. आणि खाली अजून एक पाइप दे. मागून कुणी ठोकलं तर आत शिरता कामा नये."

"काकू, वजन वाढन."

"वाढू दे."

"डॉक्टरबाईले फोन करून इचारतो."

"मी तिची आई आहे," मी म्हणाले.

मिलिंदनं त्याच्या आईकडे पाहिलं. इंदूबाई बाजेवरूनच म्हणाली, "लेकरू जंगलात राह्यते अन् तू वजन पाहून राहिला का गा? आई म्हणते तर टाक ना!"

एकीला मिलिंद कदाचित नाही म्हणाला असता. दोन आयांपुढे त्यानं मान खाली घातली आणि खडू उचलला.

सीताबर्डी

एका संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही दोघी मेट्रोनं सीताबर्डीला गेलो. व्हरायटी चौकातली गर्दी पाहून मला घरच्यासारखं वाटलं. दुपारभर दडून बसलेलं सगळं शहर तेव्हा एकदम बाहेर पडतं. रेवती खरेदी करत होती आणि मी पिशव्या धरत होते. ती स्वतःसाठी काहीच घेईना. चार्जर घेतला तो कुठल्याशा सोमजीसाठी, केसांच्या पिना कुणा मैनाच्या मुलींसाठी, रबरी चपला दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या आजीसाठी. "तिचा पाय मोठा आहे, नऊ नंबर द्या," असं ती दुकानदाराला म्हणाली, तेव्हा मला आठवेना की माझ्या पायाचा नंबर तिला ठाऊक आहे का. मला हेवा वाटला. दुसरा शब्द नाही त्याला.

परतताना मी विषय काढला. सांगलीचं रुग्णालय, घरापासून दहा मिनिटं, तिची जुनी खोली तशीच आहे, सगळं सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. मग म्हणाली, "बंपर होऊ दे ना आई." मी मनात म्हटलं, चला, निदान नाही तरी म्हणाली नाही.

नरखेड तालुक्यातली बाग

बंपर तयार झाला तेव्हा रेवती औषधांच्या घाऊक दुकानात होती. ती आली तोवर काळा रंग वाळलाही होता. तिनं त्याकडे जरा वेळ पाहिलं. "मोठा दिसतोय," एवढंच म्हणाली. मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं, मी कुरडयांकडे पाहिलं.

परीक्षेसाठी मिलिंदनं नरखेड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची बाग ठरवली होती. काटोलच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्री आणि मोसंबीच्या बागा लागतात. सगळा मुलूख भाजून तपकिरी झालेला आणि त्यात ही काळपट हिरवी चौकोनी वस्ती. शेतकऱ्याचं नाव गजाननभाऊ. त्यांच्या ट्रॉलीचा हुक मिलिंदनंच केलेला, म्हणून ही मैत्री. त्यांनी आमच्यासाठी पहाटेपासून विहिरीवरचा पंप चालवून बागेच्या कडेची पट्टी भिजवून ठेवली होती आणि शेणखतानं भरलेला एक टेम्पो मुद्दाम तिथे नेऊन रुतवला होता. अशी हौस मी कुठे पाहिली नाही. आमच्याकडे रुतलेली गाडी काढायला माणसं मिळतात. इथे काढता यावी म्हणून रुतवून देतात.

विदर्भाची काळी माती भिजली की काय होते, ते चपलेनं चार पावलं टाकली तेव्हाच कळलं. चप्पल तिथेच राहिली आणि मी पुढे गेले.

टेम्पोला दोर बांधला, दुसरं टोक जीपच्या कडीत. रेवती गाडीत बसली. इंजिनानं सूर धरला, दोर ताठ झाला, आणि जीपचं तोंड जरा वर उचललं गेलं. पुढची चाकं नुसतीच फिरू लागली. मागचा भाग खाली बसला, आणखी बसला, आणि मी हौसेनं लावून घेतलेला तो खालचा पाइप चिखलात घुसला. टेम्पो तसूभर हलला नाही. जीप मात्र जागच्या जागी मुक्काम करून बसली.

गजाननभाऊ कमरेवर हात ठेवून म्हणाले, "काहून गा मिलिंद, बंपर बनवला का वखर?"

सगळे हसले. मीही हसले, जरा जास्तच मोठ्यानं.

रेवती उतरली. गुडघ्यावर बसून तिनं खाली हात घातला, पत्र्याची जाडी चाचपली, बोटानं पाइप वाजवून पाहिला. "हा पाइप चित्रात नव्हता. मिलिंददादा, हे कोणी सांगितलं?"

मिलिंद दोर गुंडाळत राहिला. त्यानं माझं नाव घेतलं नाही. त्याच्या गप्प राहण्याची मला फार लाज वाटली.

"मी सांगितलं," मी म्हणाले. "तुला मागून कुणी ठोकलं तर..."

"मागून?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई, तिथे मागून ठोकायला गाडीच नसते गं. दिवसभरात एखादी दिसली तर दिसली."

मग ती बांधावर बसली आणि तिनं मला जे सांगितलं ते तोवर फोनवर कधी सांगितलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात ती एका अडलेल्या बाईला घेऊन निघाली होती. नाल्यात जीप रुतली. पाठोपाठ ट्रॅक्टर आला, गावातली माणसं धावली, दोरही होता. पण जीपला दोर बांधायला जागाच नव्हती. त्यांनी तो मूळच्या पातळ बंपरला बांधला आणि ओढला, तर बंपरच तुटून हातात आला. मग माणसांनी बाईला बाजेवर घालून उचलून नेलं. त्यात दुपार गेली.

"बाई वाचली," रेवती म्हणाली. "बाळ नाही वाचलं."

विहिरीवरचा पंप तेवढा चालू होता.

"मदत होती आई. सगळं होतं. धरायला जागा नव्हती, एवढंच."

गजाननभाऊंनी ट्रॅक्टर आणून आधी जीप काढली आणि मग टेम्पो. त्यांच्या घरी झुणका-भाकर आणि मीठ घातलेला मोसंबीचा रस झाला. वाढताना त्यांच्या बायकोनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "जेवा वं मावशी, लोखंडच आहे, पुन्हा होते." विम्याच्या फोटोंत मी आयुष्यभर मोडलेल्या गाड्या पाहिल्या आणि त्यावरून माझ्या मुलीचं जग ठरवून टाकलं होतं. ज्या रस्त्याला मी भीत होते तो रस्ता तिच्या वाट्याला नव्हताच. तिच्या वाट्याला नाला होता, आणि त्याबद्दल मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

पुन्हा शेडमध्ये

मिलिंदनं बंपर कापला. ग्राइंडरच्या ठिणग्या उडत होत्या आणि मी इंदूबाईशेजारी बाजेवर बसले होते. ती हळूच म्हणाली, "आपण दोघीनं मिळून गाडी बसवली वं बाई." आणि दोघींना इतकं हसू आलं की मिलिंदनं काच वर करून पाहिलं.

त्या दिवशी पश्चिमेला ढग दिसू लागले होते. रेवतीला पावसाच्या आत नाले ओलांडून दवाखान्यात पोहोचायचं होतं, आणि माझ्या पाइपापायी तिचे दिवस वाया गेले होते. ती मला एका शब्दानं बोलली नाही. मिलिंदशी मात्र ती खुशाल गप्पा मारत होती, "काहून", "करून राहिली" असं अगदी तिकडच्यासारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं फरशी पुसून नवं चित्र काढलं. कड्या यावेळी थेट चेसिसपर्यंत गेल्या, पट्टी आटोपशीर झाली, खालचा भाग वर उचलला गेला. रेवती खडूच्या रेघांत उभी राहिली. मिलिंदनं विचारलं, "काकू, तुमचं काही?"

"मला काय विचारतोस? गाडी तिची आहे," मी म्हणाले. इंदूबाईनं माझ्याकडे पाहून मान हलवली.

दुसऱ्यांदा आम्ही नरखेडच्या बागेत गेलो तेव्हा गजाननभाऊंनी टेम्पो आधीपेक्षा जास्त रुतवला होता. यावेळी माती चाकांखाली दाबली गेली, जीपनं दम धरला आणि टेम्पोची मागची चाकं एक मोठा आवाज करून सुटली. माणसांनी टाळ्या वाजवल्या. मिलिंदनं टाळी वाजवली नाही. तो खाली वाकून जोड तपासत होता.

आणि नेमका त्या वेळी माझा फोन वाजला. सांगलीचे मोठे डॉक्टर होते. त्यांना उत्तर हवं होतं.

असे फोन आयुष्यभर मीच घेतले आहेत. तिच्या कॉलेजचे, वसतिगृहाचे, आलेल्या स्थळांचे. 'मी तिची आई' म्हटलं की पुढचं सगळं मला ठरवता येत असे. मोठे डॉक्टर म्हणाले, "मग येतेय ना रेवती?" माझ्या ओठांवर 'हो' होतं. अजून चार दिवस द्या, मी समजावते, असंही म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "एक मिनिट थांबा." चपला काढल्या, चिखलातून जीपपर्यंत गेले आणि फोन तिच्यापुढे धरला. "तुझा आहे. तूच बोल."

तिनं हात ओढणीला पुसले. "सर, तुम्ही माझ्यासाठी इतके दिवस थांबलात, मनापासून आभार. पण मी येणार नाही. जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या, खरंच." मग ते काही बोलले असतील, ती हसली आणि "हो, आईला सांगते," म्हणाली.

मला वाईट वाटलं. समजूतदार आईला वाटायला हवं तसं काही वाटलं नाही, सरळ वाईट वाटलं, आणि मी मोसंबीच्या झाडाआड जाऊन रडले. रेवती मागून आली. तिनं मला जवळ घेतलं तेव्हा माझ्या पातळावर तिच्या हातांचा चिखल लागला. दोघी तशाच उभ्या राहिलो. मग ती म्हणाली, "तू फोन मला दिलास." मी म्हटलं, "दिला खरा."

निघताना

ती सकाळी लवकर निघाली, ऊन तापायच्या आत. माझी गाडी संध्याकाळची होती. जीपच्या मागच्या सीटवर औषधांची खोकी, नऊ नंबरच्या चपला, इंदूबाईनं बांधून दिलेल्या कुरडया. पाया पडून उठताना तिनं विचारलं, "काही सांगायचंय?" सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मी म्हटलं, "पाऊस यायच्या आत पोच."

जीप फाटकाबाहेर पडली. मागे राहणाऱ्याला गाडीचा मागचा बंपरच तेवढा दिसतो. साधा, काळा, दोन टोकांना दोन जाड कड्या. गाडी त्या नव्या इमारतींच्या मागे वळेपर्यंत मी बघत उभी होते. ती या पावसाळ्यात कुठेतरी रुतणार, हे मला आता पक्कं माहीत आहे. त्या कडीत दोर अडकवणारे हात माझे नसतील. पण कुणाचे तरी असतील.